बागेत धावू या, वाटाड्यासोबत

परदेशातल्या मोठ्या शहरांत पाहुण्यांना धावत धावत बागा दाखवणारे वाटाडे असतात. वाटाडा पुढे धावतो, मध्ये थांबून माहिती सांगतो आणि सर्वांचा वेग सांभाळतो. यासाठी तिथे पैसे मोजावे लागतात. आपल्या वस्तीत मात्र हे काम बिनपैशाने होऊ शकते.

पोलीस भरतीची तयारी करणारी मुले-मुली आपल्याकडे आहेतच. भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते, म्हणून ती रोज पहाटे पळतात. त्यांनी आठवड्यातून तीन दिवस अर्धा तास वस्तीतल्या आया-बाबांना द्यावा. सांगलीकरांना जुन्या आंब्यांची आमराई आहे. साताऱ्यात अजिंक्यताऱ्याचा चढ सुरुवातीला नको, आधी सपाट मैदान किंवा बाग निवडावी. सार्वजनिक बाग सर्वांची असते. एकट्या बाईला तिथे जायला संकोच वाटतो, दहा जणी मिळून गेल्या की तो राहत नाही.

"दिवसभर राबतो, मग आणखी धावायचे कशाला?" असे कोणी विचारेल. राबण्याने कंबर आणि हात दुखतात, पण हृदय आणि फुप्फुसांना सलग, एका लयीतला व्यायाम मिळेलच असे नाही. रिक्षा चालवणारे, शिलाई करणारे, पहारा देणारे तर तासन्‌तास बसून असतात. नियमित व्यायामाने रक्तदाब आणि साखर ताब्यात ठेवायला मदत होते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सांगते. दिवसभर जड ओझी उचलणाऱ्यांनी नुसते चालले तरी पुरे.

सुरुवात अशी करा. पहिली ५ मिनिटे चाला. मग १ मिनिट हळू धावा, २ मिनिटे चाला. असे सहा वेळा करा. शेवटी पुन्हा ५ मिनिटे चाला. धावताना शेजारणीशी बोलता आले पाहिजे. बोलताना धाप लागली तर वेग जास्त झाला असे समजा. वाटाड्याने सर्वांत मागच्या माणसाच्या वेगाने धावावे, पुढच्याच्या नव्हे. महागडे बूट लागत नाहीत, पण पायात बसणारे आणि न घसरणारे हवेत. ओढणी नीट बांधा. उन्हाळ्यात ऊन चढण्याआधी परत या.

काळजीही घ्या. तिशीपुढच्यांनी आधी सरकारी आरोग्य केंद्रात रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी. हृदयविकार असणाऱ्यांनी आणि गरोदर बायांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय धावू नये. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी धावू नये, खिशात साखर ठेवावी. छातीत दुखले, चक्कर आली किंवा अंगाला गार घाम सुटला तर लगेच थांबा. छातीतले दुखणे थांबत नसेल तर १०८ ला फोन करा. वाटाड्याकडे मोबाईल असावाच.

सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात मोही हे गाव आहे. तिथल्या ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावल्या आणि दहाव्या आल्या. दुष्काळी गावातली मुलगी तिथवर पोहोचली. आपल्याला एवढे लांब जायचे नाही. येत्या रविवारी वस्तीतल्या पाच घरांनी ठरवावे आणि बागेत एक फेरी मारावी.