क्रीम हर्बल, काम चुन्याचं

फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला प्रकल्पाचे विषय निवडायची वेळ आली की केस काढायची ‘हर्बल’ क्रीम हमखास पुढे येते. साहित्य स्वस्त, उपकरणं साधी, आणि शीर्षकात ‘हर्बल’ आलं की कागदावर विषय कसा भारदस्त दिसतो. माझ्याकडे मार्गदर्शनाला आलेला गट यादी करूनच आला होता: हळद, कोरफड, पपईचा चीक, कडुनिंब, संत्र्याची साल, डाळीचं पीठ. यादी वाचून मी एवढंच विचारलं, “यातलं केस कोण काढणार?”

दोघी एकदम म्हणाल्या, “पपई, मॅडम.” तिसरीचा विश्वास डाळीच्या पिठावर होता. तिच्या आजीने घरातल्या सगळ्या बाळांची लव पीठ, साय आणि हळदीने घालवली होती म्हणे. तान्ह्या बाळाच्या अंगावरची ती लव पहिल्या काही महिन्यांत आपसूकच गळते. श्रेय पिठाला आणि कणकेच्या गोळ्याला जातं, आणि घरात त्यावर बोलायची सोय नसते. मग अशाच ‘हर्बल’ क्रीमवरचे जुने प्रबंध आम्ही काढून बसलो. कृतीचा तक्ता नीट वाचला की हळद-कोरफडीच्या ओळींखाली बेरियम सल्फाइड नाहीतर कॅल्शियम थायोग्लायकोलेट मुकाट बसलेलं दिसतं. केस तेच काढतं. बाकीच्या ओळी शीर्षकासाठी.

हे असं का, ते समजायला केस बघावा लागतो. केस म्हणजे केराटिन नावाचं प्रथिन. त्याच्या साखळ्या एकमेकींना गंधकाच्या पुलांनी जोडलेल्या असतात, आणि केसाचा चिवटपणा बराचसा या पुलांमुळे येतो. अल्कलीने केस फुगतो, थायोग्लायकोलेट आत शिरून पूल तोडतं, आणि पाच-सात मिनिटांत केसाचा लगदा होतो. कातडीचा सगळ्यात वरचा थरही केराटिनचाच आहे, पण त्यात गंधकाचे पूल पुष्कळ कमी. त्यामुळे केस आधी हार मानतो, कातडी नंतर. या दोन वेळांमध्ये काही मिनिटांचं अंतर असतं, आणि केस काढायच्या क्रीमचा सगळा धंदा त्या अंतरावर उभा आहे.

पपईवरचा मुलींचा विश्वास बोलून जाणारा नव्हता, तेव्हा तो करूनच पाहिला. पपेन हे पपईच्या चिकातलं प्रथिनं तोडणारं विकर. मटण लवकर शिजावं म्हणून कच्ची पपई लावतात ते याच्याच जोरावर. एका परीक्षानळीत पपेनच्या द्रावणात डोक्याचे केस टाकले. दुसरीकडे मटणवाल्याकडून आणलेला बोकडाच्या कातड्याचा केसांसकट तुकडा त्याच द्रावणात ठेवला, आणि दोन्ही रात्रभर सदतीस अंशांवर उबवले. सकाळी नळीतले केस जसेच्या तसे. चिमटीत धरून ओढले तरी तुटेनात. कातड्याची गोष्ट वेगळी होती. केस मुळापासून सैल होऊन बोटाने निघत होते, पण खालचं कातडं बुळबुळीत झालं होतं आणि नखाने खरवडलं की त्याचा थर सुटत होता. प्रयोगशाळेतले मामा नाक धरून म्हणाले, “मॅडम, हे तर ढोरांचं काम.”

मामांचं निदान अचूक होतं. चामडं कमावताना केस काढायला चुना आणि सोडियम सल्फाइड वापरतात; त्याचं सांडपाणी फार वाईट, म्हणून विकरांनी केस काढायच्या पद्धतींवर चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेत बरंच काम झालं आहे. रुईचा चीक लावून कातड्याचे केस काढायची रीतही जुनी आहे. पण विकर केसाला हातच लावत नाही. केसाच्या मुळाभोवतीचं, त्याला धरून ठेवणारं मऊ प्रथिन ते खातं. मेलेल्या जनावराच्या कातड्यावर, तासन्‌तास, हे चालतं. जिवंत माणसाच्या हातावर जे वाचवायचं तेच खाल्लं जाईल आणि जे घालवायचं ते शाबूत राहील. तरीही गटातली एक जण अडून बसली: “मग थायोग्लायकोलेट घालूच, सोबत थोडी पपई.” क्रीमचा पीएच बाराच्या वर असतो. त्यात पपेन नावाचं प्रथिन टिकत नाही. टिकून राहतो तो लेबलवरचा पपईचा फोटो.

आयुर्वेदात तरी काही निव्वळ वनस्पतींचं असेल, म्हणून मुलींनी शार्ङ्गधरसंहिता उघडली. तिच्या उत्तरखंडात लोमशातनाचे, म्हणजे केस पाडायचे, लेप दिलेले आहेत. एका पाठात हरताळ, शंखाचं चूर्ण आणि पळसाचा क्षार घेऊन केळीच्या खांबाच्या पाण्यात किंवा रुईच्या पानांच्या रसात खलायला सांगितलं आहे. आता हे रसायनशास्त्राच्या डोळ्यांनी वाचा. शंख भाजला की चुना होतो. हरताळ म्हणजे आर्सेनिक आणि गंधक. पळसाचा क्षार आणि केळीचं पाणी म्हणजे पोटॅशियमचा अल्कली. अल्कली आणि गंधक! आमच्या बीकरमध्ये जे जाणार होतं तेच, फक्त सोबत आर्सेनिक नको होतं. त्या जुन्या वैद्याला गंधकाचे पूल ठाऊक असायचं कारण नव्हतं, तरी तो नेमक्या जोडीवर पोचला होता याचं मला राहून राहून नवल वाटतं. आणि त्याने आपल्या लेपाला निव्वळ वनस्पतींचा म्हटलेलं नाही, हेही नोंदवून ठेवावं.

मग क्रीम करायला घेतली. सिटोस्टिअरिल अल्कोहोलचे मेणासारखे पांढरे खवले आणि लिक्विड पॅराफिन एका बीकरमध्ये, पाणी दुसऱ्यात, दोन्ही सत्तर-पंचाहत्तर अंशांवर. तेल-पाण्याचं लग्न लावणारा पदार्थ निवडताना गटाने आधी ग्लिसरिल मोनोस्टिअरेट लिहिलं होतं. ते एस्टर, बारा पीएचला त्याचा साबण होणार आणि क्रीम फाटणार. त्याऐवजी सिटिअरेथ-२० घेतलं, ते अल्कलीला दाद देत नाही. दोन्ही भाग एकत्र करून ढवळत ढवळत थंड केले. चाळीस अंशांखाली आल्यावर चुना आणि कॅल्शियम थायोग्लायकोलेट पाण्यात कालवून घातलं. इथून पुढचं काम धुराड्याच्या कपाटात, कारण वास. सडक्या अंड्याच्या जवळपासचा तो वास एकदा एप्रनला बसला की घरी जाईपर्यंत सोबत करतो.

चुना म्हणजे तोच, पानाला लावतात तो. फक्त आमच्या डब्यावर शुद्धतेचा कागद चिकटवलेला असतो. तो मुद्दाम जास्त घालतात. पाण्यात विरघळतो थोडा, बाकीचा तळाशी राखीव राहतो, आणि पीएच साधारण साडेबाराच्या आसपास धरून ठेवतो. आमच्या पीएच मीटरला चार, सात आणि ९.२ची बफर द्रावणं होती. बाराच्या पुढे त्यांच्या भरवशावर आकडा घ्यायचा म्हणजे अंदाजपंचेच. त्यावर उपाय चुन्यानेच दिला. चुन्याची संपृक्त निवळी २५ अंशांना १२.४५ दाखवते, आणि हा जगन्मान्य प्रमाण आकडा आहे. मीटर निवळीवर लावून घेतला आणि मगच क्रीममध्ये इलेक्ट्रोड बुडवला.

किती घालायचं याचा हिशेब सोपा आहे. कॅल्शियम थायोग्लायकोलेटच्या बाजारात मिळणाऱ्या भुकटीत वजनाने निम्मं थायोग्लायकोलिक आम्ल असतं. युरोपातल्या नियमाप्रमाणे केस काढायच्या क्रीममध्ये हे आम्ल पाच टक्क्यांपर्यंत आणि पीएच १२.७ पर्यंत चालतो. आम्ही आठ टक्के भुकटी घेतली, म्हणजे चार टक्के आम्ल.

क्रीम पांढरीशुभ्र झाली. आता तिला ‘हर्बल’ करायचं होतं, आणि खरी गंमत इथे झाली. हळदीचा अर्क घातला, ढवळणी दोन फेरे फिरली आणि पिवळ्याऐवजी विटकरी लाल रंग वर आला. मुली दचकल्या. खरं तर हळदीवर चुन्याची क्रिया करूनच पूर्वापार कुंकू करतात, आणि हळदीचा डाग पडलेल्या पदराला साबण लावला की तो लाल होतो हे यांतल्या प्रत्येकीने पाहिलेलं. पण प्रयोगशाळेत शिरताना आपण घरचं ज्ञान बाहेर चपलांशेजारी काढून ठेवतो. काही दिवसांत तो लालही उतरला आणि मळकट तपकिरी उरला, कारण अल्कलीत हळदीतलं कुर्कुमिन तुटत जातं. कोरफडीचा गर घातलेली क्रीम पातळ होऊन पिवळी पडली.

कडुनिंबाच्या काढ्याने तर कोडंच घातलं. क्रीम आत पांढरट, पण बरणीतल्या वरच्या थरावर जांभळट गुलाबी झाक. चमच्याने ढवळली की नाहीशी, तासाभराने पुन्हा हजर. काढा कशात उकळला, असं विचारल्यावर उत्तर आलं: वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातली लोखंडी कढई. थायोग्लायकोलेट आणि लोह अल्कलीत भेटले आणि हवा लागली की असा रंग येतो. लोह ओळखायला हे आम्ल अभिकर्मक म्हणून वापरतातच. काचेच्या भांड्यात केलेल्या काढ्याची झाक फारच फिकी होती, पण होती, कारण पाल्यात स्वतःचं लोह असतंच.

चाचण्यांची सुरुवात केसांच्या बटेपासून. केस सलूनमधून आणायचे तर आधी विचारून घ्यायचं, रंगवलेले की साधे. रंगवलेला केस आधीच दुखावलेला असतो, तो लवकर विरघळतो आणि क्रीमची उगाच वाहवा होते. घड्याळकाचेवर बट, वर क्रीमचा थर, हातात स्टॉपवॉच. तिसऱ्या मिनिटाला केस वळू लागतो. पाचव्याला त्याची चमक जाते, आणि स्पॅच्युलाने हलकेच ओढलं की तो ताणत न बसता चिखलासारखा पसरतो. ज्या मिनिटाला हे होतं तो आकडा लिहायचा. हळदीची क्रीम, कोरफडीची क्रीम आणि काहीच न घातलेली क्रीम यांच्या आकड्यांत सांगण्याजोगा फरक पडला नाही. मुलींच्या चेहऱ्यावर निराशा होती. मला मात्र हा तक्ता सगळ्या प्रबंधातलं सगळ्यात मोलाचं पान वाटत होता.

माणसावरची चाचणी हा नाजूक भाग. पूर्वी अशा गोष्टी सशाच्या पाठीवर करत. सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी भारतात २०१४ पासून बंद आहे, आणि ते योग्यच झालं. मग उरतात माणसं. कॉलेजात स्वयंसेवक मिळायला वेळ लागत नाही, आणि भीती त्याचीच वाटते. प्रकल्पातली सीनियर दारात उभी राहून विचारते तेव्हा पहिल्या वर्षाची मुलगी नाही कशी म्हणेल? म्हणून नीतिसमितीची परवानगी घेतलीच, शिवाय आमच्या विभागातल्या ज्युनियरना वगळलं आणि संमतीपत्र मराठीतही काढलं. कोपराच्या आतल्या बाजूला नाण्याएवढी क्रीम, पाच मिनिटं, मग ओल्या बोळ्याने पुसून साध्या पाण्याने धुणं. साबण नाही. लाली आहे का, चुणचुणतं का, हे लगेच बघायचं आणि चोवीस तासांनी पुन्हा. आदल्या दिवशी वस्तरा फिरवलेला असेल तर त्या हाताला घ्यायचं नाही. एकीला दुसऱ्याच मिनिटाला झोंबायला लागलं. तिचा हात तिथल्या तिथे धुतला आणि ती नोंद लपवून न ठेवता तक्त्यात घातली.

टिकाऊपणाच्या चाचणीत बरण्या चाळीस अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेच्या कपाटात गेल्या. थायोग्लायकोलेटला हवा लागली की त्याचे रेणू आपसांत जोडले जातात आणि केसासाठी निकामी होतात. किती शिल्लक आहे ते आयोडिनच्या टायट्रेशनने मोजायचं. घट्ट झाकणाच्या लॅमिनेट ट्यूबमधली क्रीम बरी टिकली. वारंवार उघडलेल्या बरणीतलीचा आकडा घसरत गेला. उघडी ॲल्युमिनियमची ट्यूब विचारातही घ्यायची नाही, चुना तिला खातो.

कोरफडीला शेवटी कामाची जागा मिळाली ती दुसऱ्या ट्यूबमध्ये. क्रीम धुऊन टाकल्यावर लावायचं पाच पीएचचं लोशन. अल्कलीने हललेली कातडी मूळ आम्लतेकडे यायला त्याची मदत होते, आणि तिथे कोरफडीचा गर पांढरा राहतो, घट्ट राहतो. शीर्षक बदलायचं मात्र राहून गेलं, कारण ते आधीच विद्यापीठाकडे रवाना झालं होतं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तोंडी परीक्षेत विचारलं, “यात हर्बल काय आहे?” विद्यार्थिनी म्हणाली, “दुसरी ट्यूब, सर.” ते हसले. मग त्यांनी बिनअर्काच्या क्रीमचा तक्ता मागून घेतला आणि बराच वेळ वाचला.

पुढच्या वर्षीचा गट आताच येऊन गेला. त्यांतली एक जळगावकडची, घरी केळीची बाग. घड काढल्यावर खांब शेतातच पडून असतात, त्यांच्या राखेचा क्षार काढून चुन्याऐवजी वापरता येईल का, असा तिचा प्रश्न. प्रश्न चांगला आहे. केळीच्या राखेत पोटॅशियम भरपूर. पण तो क्षार मुख्यतः कार्बोनेट. त्याचा पीएच चुन्याच्या खालीच राहतो. त्याला जास्त जहाल करायची युक्ती सुश्रुताच्या क्षारपाकात आहे: राखेच्या निवळीत तापवलेले शंख-शिंपले घालतात, म्हणजे पुन्हा चुनाच. तिला म्हटलं, दिवाळीच्या सुट्टीत राख करूनच आण, ओले खांब एसटीत घेणार नाहीत. चुना आपल्याकडे आहे.