उपचार थांबवायचे, हे ठरवायचं कुणी?

मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानभाग १९७३ मधल्या हल्ल्यानंतर २०१५ मध्ये मृत्यू येईपर्यंत अंथरुणाला खिळून होत्या. त्यांचं अन्न थांबवून मरण येऊ द्यावं, अशी याचिका पत्रकार पिंकी विराणी यांनी केली. अरुणांना भरवणाऱ्या, त्यांची कूस बदलून देणाऱ्या परिचारिकांनी ठाम विरोध केला. दोन्हीकडे मायाच होती; वैद्यकीय नीतिशास्त्रातले खरे पेच असेच असतात. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याचिका फेटाळली, पण निष्क्रिय दयामरणाची, म्हणजे उपचार थांबवून मरण येऊ देण्याची, वाट खुली केली. २०१८ पासून नको असलेले उपचार शुद्धीत असतानाच लिहून ठेवता येतात. २०२३ पासून त्यासाठी दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही पुरते. हा कागद घरात कुठे ठेवलाय, तेही जवळच्यांना सांगून ठेवावं.