क्वांटा प्लसला पुन्हा हात लावताना

उरण तालुक्यातल्या आमच्या चिरनेरमध्ये दर २५ सप्टेंबरला हुतात्मा स्मारकाजवळ माणसं जमतात. १९३० साली याच दिवशी अक्कादेवीच्या रानात जंगल सत्याग्रह झाला, पोलिसांनी गोळ्या चालवल्या, आणि आठ जण हुतात्मा झाले. त्यांची नावं इंटरनेटवर मराठीत असावीत, एवढ्याचसाठी मी वेबपान बनवायला शिकलो. शिकलो ते क्वांटा प्लस या एडिटरवर. पनवेलहून आणलेल्या लिनक्सच्या सीडीत तो आयताच मिळाला होता.

पहिल्याच दिवशी घोळ झाला. नावं टाइप करून फाइल सेव्ह केली, बंद केली, पुन्हा उघडली, तर नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. एन्कोडिंग युरोपीय लिपीचं राहिलं होतं आणि त्यात देवनागरीला जागाच नसते. मग सेटिंगमध्ये जाऊन यूटीएफ-८ निवडलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली. यादीतलं नाग्या कातकरी हे नाव दुसऱ्यांदा उघडल्यावरही जसंच्या तसं दिसलं, तेव्हा हायसं वाटलं. तेव्हापासून या एडिटरवर माझा जीव आहे.

क्वांटाची सुरुवात १९९० च्या दशकाच्या अखेरीस झाली. दिमित्री पोप्लावस्की, अलेक्झांडर याकोव्हलेव आणि एरिक लॅफून हे त्याचे मूळ कर्ते. पुढे पहिले दोघे क्वांटा गोल्ड या विकत मिळणाऱ्या आवृत्तीकडे गेले. लॅफून मागे राहिले आणि मुक्त आवृत्ती त्यांनी क्वांटा प्लस नावाने चालू ठेवली. मांजरांना वेड लावणाऱ्या कॅटनिप वनस्पतीची खेळणी विकणं हा लॅफून यांचा व्यवसाय. त्या मिळकतीतून आणि लोकांनी पाठवलेल्या देणग्यांतून त्यांनी आंद्राश मान्तिया या प्रोग्रॅमरला कामाचे पैसे दिले. जगभर वापरला जाणारा एडिटर एका छोट्या धंद्याच्या गल्ल्यावर उभा होता. आपल्याकडे कितीतरी नियतकालिकं अशीच एखाद्या संपादकाच्या घरखर्चातून निघाली, म्हणून मला या गोष्टीचं नवल वाटलं नाही, आदर वाटला.

केडीई या लिनक्सवरच्या डेस्कटॉपची ३.५ आवृत्ती नोव्हेंबर २००५ मध्ये आली. तिच्यासोबतचा क्वांटा मी सर्वांत जास्त वापरला. कोनाकृती कंस टाइप केला की टॅगांची यादी उघडायची, आणि टॅगपुढे स्पेस दिली की त्याला चालणारे गुणधर्म समोर यायचे. एफटीपीचा पत्ता दिला की दूरच्या सर्व्हरवरची फाइल आपल्याच डिस्कवर असल्यासारखी उघडायची आणि सेव्ह करताच थेट तिकडे पोचायची. ज्यांना टॅगांची भीती वाटे, त्यांच्यासाठी पान दिसतं तसं दाखवून त्यातच लिहू देणारी सोयही होती.

पण क्वांटातली खरी कारागिरी मला फार उशिरा कळली. एचटीएमएलमध्ये कोणते टॅग असतात, कोणत्या टॅगला कोणते गुणधर्म लागतात, हे ज्ञान कर्त्यांनी सी++ च्या कोडमध्ये गाडून ठेवलं नव्हतं. ते वेगळ्या, साध्या एक्सएमएल फाइलींत लिहिलेलं होतं. अशी एक फाइल उघडली तर टॅगचं नाव, त्याखाली एकेक गुणधर्म, आणि काही ठिकाणी चालणाऱ्या किमतींची यादी, एवढंच दिसतं. नवी भाषा शिकवायची असेल तर अशाच फाइलींचा संच लिहायचा. टूलबारवरची बटणंही तशाच फाइलींतून घडवता येत. कमांडर नावाचं जोडीचं साधन होतं, त्यात सी++ न येणारा माणूस छोट्या संवादखिडक्या बनवू शके. म्हणजे एडिटरमध्ये भर घालायला प्रोग्रॅमर असावंच लागत नसे. वेबपानं बनवणाऱ्या साध्या माणसाला आत यायला कर्त्यांनी दार ठेवलं होतं. इतकी उदार रचना मी फार थोड्या सॉफ्टवेअरमध्ये पाहिली आहे.

असा एडिटर थांबला कसा? केडीई क्यूटी नावाच्या पायावर उभं आहे. क्यूटी तिसऱ्या आवृत्तीवरून चौथीवर गेलं, आणि जानेवारी २००८ मध्ये केडीई ४ आलं. जुना कोड त्यावर तसाच चालेना. क्वांटाच्या मंडळींनी ठरवलं की आहे तेच पुढे न नेता केडेव्हलप या मोठ्या साधनाच्या नव्या पायावर क्वांटा ४ उभारायचा. पण तो पाया स्वतःच तेव्हा नव्याने घातला जात होता. केडेव्हलप ४ आलं ते मे २०१० मध्ये. उरणकरांना भरावाची जमीन ठाऊक आहे. भराव बसायच्या आत त्यावर घर बांधायला घेतलं तर काय होतं, हे इथे वेगळं सांगायला नको. हाताशी मोजकी माणसं, त्यांतलीही फुरसतीत काम करणारी. क्वांटा ४ पूर्ण होऊन लोकांच्या हाती कधी आलाच नाही. त्यासाठी झालेल्या कामातला पीएचपीचा भाग केडेव्हलपच्या प्लगइनमध्ये उरला.

नव्याने लिहिण्याचा तो निर्णय मला चुकीचा वाटतो, आणि हे मी त्या मंडळींबद्दल पूर्ण कृतज्ञता बाळगून म्हणतो. सी++ न येणारी माणसं तोवर टॅग फाइली, टूलबार, कमांडरच्या खिडक्या यांतून हातभार लावू शकत. पुनर्लेखन सुरू झालं आणि त्यांना करण्यासारखं कामच उरलं नाही. नवा पाया समजलेले दोघे-तिघेच आत राहिले. त्यांची नोकरी, घर, थकवा यांनी गाठल्यावर पुढे न्यायला कोणी नव्हतं.

दुसऱ्या दोन एडिटरांची गोष्ट इथे उपयोगी आहे. अडोबीने १ सप्टेंबर २०२१ पासून ब्रॅकेट्सचा आधार काढून घेतला. गिटहबने डिसेंबर २०२२ मध्ये अ‍ॅटम बंद केला. पण ब्रॅकेट्सचा धागा फीनिक्स कोड या नावाने पुढे गेला, आणि अ‍ॅटमच्या कोडवरून स्वयंसेवकांनी पल्सर उभा केला. हे दोन्ही मूळ एडिटर मुख्यतः वेबच्याच तंत्रांत लिहिलेले होते. जो वापरतो त्याच्याच हातातल्या मालाने घडलेले, त्यामुळे मोडलं तर दुरुस्त करू शकणारी माणसं वापरणाऱ्यांतच सापडली.

क्वांटाचा जुना कोडही मेलेला नाही. केडीई ३.५ आवडणाऱ्या लोकांनी ट्रिनिटी नावाने तो अख्खा डेस्कटॉप जिवंत ठेवला आहे, २०१० पासून त्याच्या आवृत्त्या निघतात, आणि त्यात क्वांटा प्लस आहे. मी तिथूनच पुन्हा सुरुवात केली. सी++ ला हात लावायची माझी पात्रता नाही, म्हणून मी त्या टॅग फाइलींकडे वळलो. २००५ सालच्या संचाला एचटीएमएल ५ ठाऊक असणं शक्यच नव्हतं. ते प्रमाण म्हणून मान्य झालं ऑक्टोबर २०१४ मध्ये. सेक्शन, आर्टिकल, फिगर असे टॅग मी एकेक करून माझ्यापुरते लिहून काढले. जुन्या फाइलीची प्रत घ्यायची, नाव बदलायचं, गुणधर्म तपासायचे, एडिटर पुन्हा उघडून यादीत टॅग दिसतो का बघायचं. एका संध्याकाळी दोन-तीन होतात.

शेजारचा अकरावीतला मुलगा आता सोबत बसतो. स्मारकाच्या फोटोखाली ओळ लिहिण्यासाठी लागणारा फिगकॅप्शन त्याने स्वतः लिहिला. आधी एक कंस बंद करायला तो विसरला आणि त्या फाइलीतला टॅग यादीत येईना. कंस शोधायला आम्हा दोघांना अर्धा तास लागला. व्हिडिओच्या टॅगला पोस्टर हा गुणधर्म जोडायचा राहिला आहे. तो रविवारी येतो म्हणालाय.