डॉक्टरेटनंतरची उमेदवारी

मुलगा किंवा मुलगी पदार्थविज्ञानांत पीएच.डी. झाली, म्हणजे शिक्षण संपलें, अशी वडील मंडळींची समजूत असते. मग परदेशांतून नेमणुकीचें पत्र येतें तें 'पोस्टडॉक' नांवाच्या जागेचें, आणि तेंही एका वर्षापुरतें! "एवढें शिकून नोकरी कायमची नाहींच काय?" हा प्रश्न घरांत उठणें स्वाभाविक आहे, म्हणूनच या जागेचें खरें स्वरूप समजून घेणें अगत्याचें आहे.

उदाहरणादाखल अमेरिकेंतील आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळा घेऊं. शिकागोपासून सुमारें ४० किलोमीटरांवरील ही संस्था १९४६ सालीं स्थापन झाली. येथील ११०४ मीटर परिघाच्या वर्तुळाकार यंत्रांत इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगानें फिरतात व त्यांपासून अतिप्रखर क्ष-किरण निघतात. बॅटरी भरली जात असतां तिच्या आंतील स्फटिकांची रचना कशी पालटते, हें त्या किरणांच्या साह्यानें पाहतां येतें.

हें काम केवळ ग्रंथ वाचून येत नाहीं. यंत्र थोडेच दिवस वाट्यास येतें, आणि त्या दिवसांत प्रयोग रात्रंदिवस चालतात. नमुना तयार करणें, मध्यरात्रीं बिघाड शोधणें, हातीं आलेल्या आंकड्यांतील खरें-खोटें निवडणें, हें अनुभवी शास्त्रज्ञाच्या सहवासांतच साधतें. नवा वकील नामांकित वकिलाच्या हाताखालीं उमेदवारी करतो, तसाच हा प्रकार; मात्र येथें वेतन मिळतें. नेमणूक प्रथम वर्षाची असते व काम पसंत पडल्यास बहुधा तीन वर्षांपर्यंत वाढते. पुढें प्राध्यापकी, कायम शास्त्रज्ञाची जागा किंवा कारखान्यांतील संशोधन, यांपैकीं कांहीं तरी ज्याचें त्यानेंच मिळवावयाचें. त्याची हमी कोणी देत नाहीं.

खरी अडचण निराळीच आहे. हीं वर्षें नेमकीं लग्नाचीं, मुलाबाळांचीं आणि आईवडिलांच्या उतारवयाचीं असतात. त्यांतून मुलींची ओढाताण अधिक. मारिया गोपर्ट मायर या विदुषीनें १९३० सालीं डॉक्टरेट मिळविली. परंतु पति ज्या विद्यापीठांत शिकवीत, तेथें तिला अनेक वर्षें नियमित वेतनाची जागा मिळाली नाहीं. १९४६ सालीं आर्गॉननें तिला अर्धवेळ नेमलें. त्या काळांत तिनें अणुकेंद्राच्या रचनेचा जो सिद्धांत मांडला, त्यासाठीं १९६३ सालीं तिला नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. आज आर्गॉनची एक मानाची पोस्टडॉक शिष्यवृत्ति तिच्याच नांवानें दिली जाते.

तेव्हां "कायम केव्हां होणार?" असें पत्रोपत्रीं विचारण्यापेक्षां "मार्गदर्शक कोण? स्वतःच्या नांवावर कोणतें काम होईल? तेथून पूर्वी गेलेले आज कोठें आहेत?" असें विचारावें. या प्रश्नांचीं उत्तरें समाधानकारक असतील, तर तीन वर्षें धीर धरावा. नसतील, तर एका उमेदवारींतून दुसरींत जाण्यापूर्वीं घरांतील सर्वांनीं एकत्र बसून मोकळेपणें विचार करावा. उमेदवारी ही पायरी आहे. तेथेंच बिऱ्हाड थाटावयाचें नसतें.