कायाक : आसन कुठे, वजन कसे?

सुट्टीत समुद्रकिनारी किंवा धरणाच्या जलाशयावर गेलेल्या आपल्या मुलामुलींना आता कायाक नावाची लांबट, अरुंद होडी भाड्याने मिळते. भाडेवाला हातात वल्हे देतो, 'बसा' म्हणतो आणि मोकळा होतो. कसे बसायचे हे सांगायला त्याला सवड नसते. म्हणून हा लेखप्रपंच. वडीलधाऱ्यांनीही वाचावा, मुले पाण्यात असताना काठावर जीव त्यांचाच टांगणीला लागतो.

ही होडी मूळची ग्रीनलंडकडील इनुइट लोकांची. लाकडाच्या वा हाडांच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून ते ती बनवीत, तीही बसणाऱ्याच्या अंगमापाने; शिंप्याने माप घेऊन सदरा शिवावा तशी. आजच्या प्लॅस्टिकच्या होड्या तयार कपड्यासारख्या. त्यामुळे आसन आपणच जुळवून घ्यावे लागते.

शर्यतीच्या एकट्याच्या कायाकचे वजन नियमाने किमान १२ किलो. बसणारा ६० किलोचा धरला तर माणूस होडीच्या पाचपट जड! म्हणजे होडीचा तोल हा माणसाचाच तोल. कारकुनी हिशेब मांडतो : हा माणूस ५ सेंटीमीटर मागे सरकला, तर ३ किलोची पिशवी एक मीटर मागे नेल्याइतका फरक पडतो. म्हणून आसन सरकवायचे ते बोट-दोन बोटे, एकदम वीतभर नव्हे.

आसन फार पुढे असेल तर पुढचे टोक पाण्यात रुतते, मागचे उचलले जाते आणि आडव्या वाऱ्यात होडी सारखी वाऱ्याकडे तोंड वळवते. फार मागे असेल तर उलट, हलके झालेले पुढचे टोक वारा ढकलून नेतो. दोन्ही टोके समान, फार तर मागचे किंचित खाली, हे बरे. आसन उंच करण्याचा मोह मात्र टाळावा. खाली उशी घेतली की पाठीला आराम वाटतो, पण शरीराचा भार वर जातो आणि होडी डुगडुगू लागते. पाय समोरच्या आधारावर टेकलेले, गुडघे किंचित वाकलेले हवेत. पाय लोंबकळत असतील तर हातातला जोर वाया जातो.

दोघांच्या कायाकमध्ये जड माणसाने मागे बसावे. पाण्याच्या बाटल्या, डबे मधोमध आणि तळाशी. जाकीट सर्वांनी घालायचेच, पोहता येत असले तरी.

आसनाचे महत्त्व दिव्यांगांच्या स्पर्धेत फार उघड दिसते. धडावर आणि पायांवर अंशतःच ताबा असलेल्यांच्या केएल-२ गटात काहींना पाठीच्या आधाराशिवाय ताठ बसणे कठीण जाते. त्याच गटात ग्वाल्हेरच्या प्राची यादव हिने २०२३ मध्ये हांगझोऊ येथील आशियाई पॅरा स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले. त्याआधी २०२१ मध्ये टोकियोच्या पॅरालिम्पिकमध्ये ती अंतिम फेरीपर्यंत गेली होती. पाय साथ देत नसताना तोल सांभाळून वल्हवणे म्हणजे काय, हे एकदा कायाकमध्ये बसलेल्यालाच कळेल.

निघण्यापूर्वी गुडघाभर, शांत पाण्यात बसून पाहावे. काठावरच्या सोबत्याला बाजूने बघायला सांगावे : टोके सारखी आहेत का, होडी एका कुशीवर कलली आहे का? कलली असेल तर आधी खिशातले, बाजूला ठेवलेले सामान पाहावे, मग आपण मधोमध बसलो आहोत का ते. हे होईपर्यंत भाडेवाला घाई करील. त्याला थांबवावे.