न फिरवता फिरणारी अँटेना

मुलांनो, तुमच्या आईबाबांना एकदा विचारा, जुन्या टीव्हीची अँटेना कोण फिरवायचं? एक जण गच्चीवर, एक जण जिन्यात आणि बाकी सगळं घर टीव्हीसमोर. "आलं का?" "नाही!" "आता?" "आलं, आलं... अरे, गेलं!" ती अँटेना एकाच बाजूचं नीट ऐकायची. तिचं तोंड प्रक्षेपणाच्या मनोऱ्याकडे झालं की चित्र स्वच्छ, जरा हललं की मुंग्या!

आज अशा एका अँटेनेची ओळख करून घेऊ, जिचं तोंड फिरतं, पण ती स्वतः जागची हलत नाही. ती लागते हॅम मंडळींना. हॅम म्हणजे हौस म्हणून घरातून रेडिओ संच चालवणारी माणसं. त्यासाठी परीक्षा द्यावी लागते, सरकारी परवाना घ्यावा लागतो. मग रेडिओवरचं नाव मिळतं, त्याला कॉल साइन म्हणतात. आपल्याकडच्या बहुतेक हॅमची कॉल साइन 'व्हीयू'ने सुरू होते. माजी पंतप्रधान राजीव गांधीही हॅम होते, त्यांची कॉल साइन होती व्हीयू२आरजी.

हॅमच्या नेहमीच्या संचाची ताकद असते साधारण १०० वॉट. म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बाएवढी! तेवढ्यावर हजारो किलोमीटर लांब बोलायचं. लहरी वर जातात, जमिनीपासून काहीशे किलोमीटर उंचीवरच्या आयनांबरात वळतात आणि दूर देशी उतरतात. उभा दांडा या कामाला चांगला, कारण तो लहरी क्षितिजालगत सोडतो. पण एकटा दांडा सगळ्या बाजूंना सारखाच ओरडतो. बोलायचंय लंडनशी आणि अर्धी ताकद चाललीय ऑस्ट्रेलियाकडे!

तुम्ही म्हणाल, गेली तर गेली, हौसच आहे ना? तर ऐका. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद यांच्या पुढाकाराने हॅम मंडळींचा एक गट अंदमानात पोर्ट ब्लेअरला गेला होता. तिथून रेडिओवर बोलण्याची परवानगी कितीतरी वर्षांनी मिळाली होती, त्यामुळे जगभरचे हॅम त्यांच्याशी बोलायला धडपडत होते. २६ डिसेंबरच्या सकाळी भूकंप झाला, मागोमाग त्सुनामी आली. दूरध्वनी कोलमडले. या मंडळींनी गप्पा थांबवल्या आणि त्याच संचावरून बेटांवरच्या माणसांचे निरोप मुख्य भूमीकडे पाठवायला सुरुवात केली. 'आम्ही सुखरूप आहोत' एवढे तीन शब्दसुद्धा पलीकडच्या घराला केवढे वाटले असतील! अशा वेळी वॉट न् वॉट हव्या त्या दिशेलाच जायला हवा.

मग मोठी अँटेना मनोऱ्यावर चढवून मोटरने फिरवायची का? काही जण तसं करतात. पण खर्च फार, वजनही फार. जर्मन शास्त्रज्ञ फर्डिनांड ब्राउन यांनी १९०५ मध्येच दुसरी युक्ती करून पाहिली होती. त्यांनी तीन अँटेना त्रिकोणात उभ्या केल्या आणि लहर सगळ्यांना एकाच क्षणी न देता थोडी मागेपुढे दिली. लहरी एका बाजूला जास्त जाऊ लागल्या! (टीव्हीची जुनी चित्रनळी ज्या नळीतून पुढे आली, ती १८९७ मध्ये बनवणारे ब्राउन हेच. १९०९ मध्ये त्यांना मार्कोनींबरोबर नोबेल पारितोषिक मिळालं.)

ही युक्ती झोक्यावर बसून समजते. झोका पुढे निघाला की त्याच वेळी मागून धक्का द्या, तो उंच जातो. पण तो मागे येत असताना पुढे ढकला, तर थांबतो. धक्का तोच, फक्त वेळ चुकली. लहरींचंही असंच. वेळ जुळली तर बेरीज, उलटी पडली तर वजाबाकी.

आता आपण दोन दांडे घेऊ. त्यांच्यात अंतर ठेवू एका लहरीच्या पाव लांबीएवढं. पुढच्या दांड्याला लहर पाव लहर उशिरा द्यायची. मागच्या दांड्याची लहर पुढच्यापर्यंत पोचायला पाव लहरीचाच वेळ लागतो. म्हणजे ती पोचते नेमकी तेव्हाच पुढचा दांडाही सुरू होतो. दोघी हातात हात घालून पुढे निघतात! उलट्या बाजूला काय होतं? पुढचा दांडा मुळात पाव लहर उशिरा निघालेला, त्यात मागे यायला आणखी पाव. झाली अर्धी. एकीचा चढ तिथे दुसरीचा उतार, दोघी एकमेकींना पुसून टाकतात. पुढच्या दिशेला मात्र १०० वॉटचे जवळजवळ २०० वॉट झाल्यासारखे वाटतात.

चला, घरच्या अंगणात हे बसवण्याचा बेत करू. चौकटीची वही घ्या, एक सेंटिमीटर म्हणजे एक मीटर. लहरीची लांबी काढणं सोपं: ३०० ला मेगाहर्ट्‌झने भागा. हॅमच्या आवडीची एक जागा आहे १४.२ मेगाहर्ट्‌झ. भागाकार आला २१.१३ मीटर. पाव केला की ५.२८. एवढं दोन दांड्यांतलं अंतर. दांड्याची उंची मात्र याहून थोडी कमी, सुमारे ५ मीटर. अॅल्युमिनियमची नळी चालते, नाहीतर बांबूला उभी बांधलेली तांब्याची तारही चालते.

दिशा कोणती? भूगोलाचा तास आठवा. आपल्या महाराष्ट्रातून जवळच्या वाटेने लंडन येतं वायव्येला, आणि ऑस्ट्रेलियाचं पर्थ त्याच्या जवळजवळ नेमकं उलट, आग्नेयेला. म्हणून दांडे वायव्य-आग्नेय रेषेत रोवायचे. उशीर कुठल्या दांड्याला द्यायचा ते ठरवायला एक खटका. खटका इकडे, लंडन. खटका तिकडे, पर्थ. दांडे जागच्या जागी!

उशीर द्यायचा कसा? जास्त लांब केबलने. पण इथे गंमत आहे. साध्या भरीव प्लॅस्टिकच्या केबलमध्ये लहर हवेतल्या वेगाच्या ६६ टक्केच वेगाने धावते. हवेतली ५.२८ मीटरची पाव लहर केबलमध्ये साडेतीन मीटरच भरते. शिवाय शेजारी उभे असलेले दांडे एकमेकांच्या कामात लुडबुड करतात (वर्गातल्या एका बाकावरचे दोघे आठवा!), त्यामुळे केबल नुसती मोजून कापली की काम झालं असं होत नाही. हॅम मंडळी जोडणीत आणखी काही भाग घालतात आणि मोजत मोजत वेळ जुळवतात. या सगळ्या उद्योगात खरा वेळ खाणारं काम हेच.

आता जमीन. दांड्याच्या बुडाशी निदान सोळा तारा, चाकाच्या आऱ्यांसारख्या, प्रत्येकी पाचेक मीटर पसरायच्या. यांत कंजूषी केली की ताकद जमिनीतच जिरते. मुरमाड जमिनीवर तर जास्तच. खाऱ्या समुद्राकाठी राहणाऱ्यांची मात्र चंगळ! वहीवर मोजा, सगळं मिळून १५ मीटर लांब आणि १० मीटर रुंद जागा लागली. एवढं अंगण कुणाकडे आहे? नसेल तर २८ मेगाहर्ट्‌झ निवडा, सगळी मापं निम्मी होतात आणि बेत गच्चीवरही मावतो.

पालकांसाठी दोन शब्द. दांडा कुठल्याही बाजूला आडवा पडला, तरी विजेच्या तारांपासून किमान ३ मीटर लांब राहील अशीच जागा धरा. यात तडजोड नाही. अशा तारांना धातूचा दांडा लागून माणसं दगावली आहेत. संच चालू असताना दांड्याला हात लागला तर चटका बसतो, म्हणून भोवती कुंपण हवं. वळवाचे ढग दिसले की केबल संचापासून काढून ठेवा. सोसायटीत राहत असाल तर आधी परवानगी. परवाना नसताना संचावरून बोलायचं नाही, वहीवर बेत मात्र कितीही करा.

सगळं उभं राहिलं की परीक्षा कशी घ्यायची? लंडनची वाट पाहत बसायची गरज नाही. आग्नेयेला चार-पाच किलोमीटरवर राहणाऱ्या हॅम मित्राला सांगायचं, "ऐक रे!" खटका वायव्येकडे ठेवून बोलायचं आणि जोडणी हळूहळू सरकवायची. मित्र सांगत राहतो, "कमी झाला... आणखी कमी... आता जेमतेम ऐकू येतोय." तो हे म्हणाला की इकडे टाळ्या! मग खटका आग्नेयेकडे टाकायचा, आणि पलीकडून ओरड येते, "अरे हळू, कानठळ्या बसल्या!"