पानात बांधलेली ओवाळणी

भाऊबीजेच्या दिवशी आमच्या दिवाणखान्यात एक प्रदर्शनच भरते म्हणा ना! ओवाळणीच्या वस्तू मेजावर मांडायच्या, आल्यागेल्याने त्या पाहायच्या नि आम्ही बायकांनी मनातल्या मनात तुलना करायची. चार वर्षांपूर्वी नेमक्या अशाच वेळी माझ्या धाकट्या भावाचे पार्सल आले. तो मोलगीजवळच्या एका आश्रमशाळेत शिक्षक आहे. मोलगी हे नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यातले, सातपुड्याच्या कुशीतले बाजाराचे गाव.

पार्सल उघडले, तर आत एक धुवट सुती पंचा आणि त्यात पळसाच्या पानांच्या, काड्यांनी टाचलेल्या पुड्या. कुणात आमचूर, कुणात भगर.

"आई, मामाला कागद मिळाला नाही का ग?" धाकटीने विचारले आणि सगळ्या हसल्या. मीही हसले. मग ते गाठोडे मुकाट्याने उचलून स्वयंपाकघरात नेऊन ठेवले. भावाला मात्र फोनवर 'फार छान' म्हणून कळवले!

पुढच्या उन्हाळ्यात मोलगीला जाणे झाले. दारोदार कैऱ्यांचे ढीग पडले होते. कैऱ्या उतरवायच्या, सोलायच्या, चिरायच्या आणि उन्हात वाळत घालायच्या. त्यात अवकाळी पावसाचा एक शिडकावा आला, की फोडी काळ्या पडल्या नि भाव उतरलाच. हे बघत असताना भाऊ सहज म्हणाला, "ताई, त्या पुड्या मीच टाचल्या होत्या हं. पाच-सहा फाटल्या, मग जमल्या." मला काय बोलावे ते सुचेना. पुडीत काहीच उणे नव्हते. उणे होते ते माझे कौतुक!

तेव्हापासून घरात चकचकीत कागद आणणे मी बंद केले. तुम्ही म्हणाल, त्यात एवढे काय? भगिनींनो, त्या कागदाचा एक तुकडा मुठीत चुरगाळून पाहा. मूठ उघडताच तो पुन्हा पसरला, तर त्यात प्लॅस्टिकचा पापुद्रा आहे असे समजावे. असा कागद रद्दीवाला घेत नाही, तो मातीत कुजत नाही नि बंबात घालण्याजोगाही नसतो. महाराष्ट्रात 2018 साली प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, पण हे पाहुणे अजून मागल्या दाराने घरात शिरतातच.

खरे तर आपल्याला हे नवीन नाही. पुण्याच्या पेशवे दप्तरातले कागद रुमालांत बांधून ठेवलेले असतात. जपानातही चौकोनी कापडात वस्तू बांधायची जुनी रीत आहे, तिला 'फुरोशिकी' म्हणतात. कचरा कमी व्हावा म्हणून 2006 साली तिथल्या पर्यावरणमंत्री युरिको कोइके ह्यांनी तिचा नव्याने पुरस्कार केला.

हिशेब अगदी सोपा आहे. कापडाचा कर्ण वस्तूच्या लांबीच्या सुमारे तिप्पट असावा. म्हणजे 50 सेंटिमीटरच्या चौरस रुमालात 23 सेंटिमीटर लांबीचा डबा नीट बसतो. वस्तू मधोमध तिरपी ठेवावी. समोरासमोरची दोन टोके तिच्यावर दुमडावी आणि उरलेल्या दोन टोकांची गाठ मारावी. बहिणीला द्यायचे असेल, तर रुमालाऐवजी न कापता खणच वापरावा. वेष्टणाचे वेष्टण नि चोळीची चोळी!

पुस्तकांना गेल्या वर्षाच्या दिनदर्शिकेची जाड पाने उत्तम. कोरी बाजू बाहेर घ्यावी आणि तीवर मुलांकडून पणती काढून घ्यावी. वर्तमानपत्र चालेल, पण फराळाला मुळीच नको. छपाईची शाई खाद्यपदार्थांना लागते, म्हणून अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2016 साली तसा इशाराच दिला आहे. चिकटपट्टीऐवजी मैद्याची खळ वापरावी. एका चमच्याला पाच-सहा चमचे पाणी घालून मंद आचेवर ढवळत राहावे आणि पारदर्शक झाली की उतरवावी. फितीच्या जागी सुतळी बांधावी, तिच्यात झेंडूचे एक फूल खोवावे.

कोरड्या फराळासाठी पळसाची पाने घ्यावीत. खानदेशात ह्याच पळसाला खाकरा म्हणतात. दिवाळीच्या सुमारास पाने चांगली जून नि जाड असतात. वाळलेली असली, तर थोडा वेळ पाण्यात भिजवावीत म्हणजे दुमडताना तडकत नाहीत. मग पुसून घ्यावीत, दोन पाने आडवी-उभी ठेवून बारीक काडीने टाचावीत. खाणाऱ्याला मात्र काडी आहे हे सांगायला विसरू नये! चिवडा भरायचा तो पाने पूर्ण कोरडी झाल्यावरच, नाहीतर मऊ पडतो.

पहिल्या खेपेला माझ्याही पाच-सहा पुड्या फाटल्या. तेव्हा कुठे भावाच्या त्या संध्याकाळची किंमत कळली.

तो पंचा अजून आमच्याकडे आहे. आमच्याकडे म्हणजे, एक दिवाळी त्याच्याकडे नि एक माझ्याकडे! माझ्याकडून चकल्या घेऊन जातो, त्याच्याकडून आमचूर घेऊन येतो. कडेला दोन ठिकाणी रफू झाले आहे. यंदा तो येईल, तेव्हा गाठ मी स्वयंपाकघरात सोडणार नाही. दिवाणखान्यात, मेजाच्या अगदी मधोमध, सगळ्यांच्या देखत सोडणार आहे.